नवव्या किलोमीटरला

धनकवडीतून निघते तेव्हा काहीच नसतं.
पहिल्या किकला सुरू, आवाज गोल,
कात्रज चौकाच्या सिग्नलला शहाण्यासारखी उभी.
मग घाट. तिसरा गिअर.
आणि जुन्या बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर
कुणीतरी मागून कॅरिअर धरल्यासारखं होतं.
मूठ पूर्ण पिळलेली,
वेग पन्नास, चाळीस, पंचवीस,
उसाचा ट्रॅक्टर मला ओलांडून जातो
आणि त्याचा ड्रायव्हर दयेने बघतो.

मी कडेला घेते. टाकीचं झाकण उघडते.
पेट्रोल आहे. झाकण लावते.
किक मारते, तर वाघीण!
खेड शिवापूरच्या शाळेत प्रार्थनेआधी पोचते
आणि सातवी ब ला त्रैराशिक शिकवते
ग्रीसच्या बोटांनी.

शिपाई रणपिसे म्हणाले, पेट्रोलमध्ये भेसळ.
पंपावरचा म्हणाला, मॅडम, प्लग.
प्लग बदलला. एअर फिल्टर बदलला.
शेजारच्या काळभोरांनी क्लच घसरतोय असं
गाडीला हात न लावता, गॅलरीतून सांगितलं.
क्लचप्लेट बदलल्या. बावीसशे रुपये.
नवव्या किलोमीटरला कॅरिअर धरणारा
तिथेच उभा होता.

गणिताची बाई आहे, वही घातली.
तारीख, टाकी किती, कुठे मेली.
भरलेली टाकी : बोगद्याअलीकडे.
अर्धी टाकी : घाट उतरून, शिंदेवाडीच्या पुढे.
तळाशी आलेली टाकी :
मेलीच नाही.
चोक ओढला की दोन मिनिटं तग धरते.
जितकं जास्त, तितकं लवकर.
व्यस्त प्रमाण आहे, एवढं कळलं.
कशाशी, ते नाही.

नाना पेठेत, सायलेन्सर टांगलेल्या गल्लीत
दौलत खिलारेंनी गाडी पाहिलीच नाही,
वही पाहिली.
चष्मा कपाळावर, चहा बशीत,
एकेक ओळ बोटाने.
"झाकण उघडताना आवाज येतो?"
येतो. कसा? मी करून दाखवला :
कुकरची वाफ सुटते तसा, पण उलटा, आत जाणारा.
गल्लीतला एक पोरगा हसला.
ते नाही हसले.

"टाकी रंगवली कधी?"

मे महिन्यात.
अप्पांच्या पंचाहत्तरीला.
त्यांची गाडी, शहाण्णव सालची,
गुडघ्यांनी रजा घेतल्यापासून माझ्याकडे.
कंबरपट्ट्याच्या बकलाचे ओरखडे,
स्वारगेटला रिक्षाने दिलेला पोचा,
सगळं भरून, घासून, काळंभोर करून आणलं
आणि सोसायटीच्या दारात उभी केली.
अप्पा म्हणाले, "छान."
मग थोड्या वेळाने, "ओळखू येत नाही."
रंगारी दिलदार होता,
झाकणही रंगवून दिलं होतं. फुकट.

खिलारेंनी झाकण उजेडात धरलं.
मध्यभागी, मोहरीएवढी जागा,
रंगाखाली नुसती चाहूल.
"हिचं नाक," ते म्हणाले.
"पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा यायला लागते, बाई.
भरल्या टाकीत हवेला जागाच थोडी,
म्हणून लवकर गुदमरते.
तुम्ही झाकण उघडायचात,
ती एक श्वास घ्यायची,
तुम्हाला वाटायचं बरी झाली."

सतारीच्या तारेचा तुकडा त्यांच्या डब्यात होता.
का होता, विचारलं नाही.
तार आत गेली, काळा कपचा निघाला
नखावर मावेल एवढा.
पैसे? वीस. चहाचे धरून.

घरी सांगितलं तेव्हा अप्पा पेपरातच होते.
"मी रोज सकाळी झाकणाला फुंकर घालायचो,"
एवढंच म्हणाले, पान उलटत.
चौदा वर्षं मी ते बघत होते
आणि मला वाटायचं,
धूळ उडवतात.

आज टाकी काठोकाठ भरली.
डेअरी. चौक. घाट. तिसरा गिअर.
वळण आलं, मी खांदे आवळले,
आणि वळण गेलं.
बोगद्यात स्वतःचाच आवाज दुप्पट होऊन भेटला.
वहीत लिहायला काही नव्हतं.
तारीख टाकली
आणि पुढे रेघ मारली, शिंदेवाडीपर्यंत.